दगडाचं गाव

आमचं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारतळाच्या कोपऱ्यावर. जळालेल्या सबमर्सिबल, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास आणि भिंतीला लागून एक काचेचं कपाट. गिऱ्हाईक आधी मोटारीचा खर्च विचारतं, मग स्टुलावर टेकतं, चहा येतो आणि मग नजर कपाटाकडं जाते. "हे इकायला ठिवलंय का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग काहून ठिवलंय?"

याचं उत्तर मला पंचवीस वर्षांत नीट देता आलेलं नाही. हल्ली मी कपाट उघडतो, एक दगड काढून त्यांच्या हातात देतो आणि सांगतो, "हा तुमच्या शेजारच्या गावचा आहे." मग माणूस दगड उलटासुलटा करतो. "कोणाच्या विहिरीतला?" नाव सांगितलं की, "आरं, ते तर आमच्या मामाचे साडू!" तिथून गप्पा साडूवर जातात, आणि काहून ठेवलंय ते विचारायचं राहून जातं.

माझ्याकडचे बहुतेक दगड विहिरींतून आलेत. धंदाच असा आहे की उन्हाळाभर विहिरींवर जावं लागतं. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत आमच्याकडं खोदकामं चालतात. क्रेनची बकेट वर येते, काठावर दगड ओतते, परत खाली जाते. जुन्या विहिरीत गाळ काढून आणखी दोन परस, म्हणजे दोन पुरुषभर, खाली जायचं असेल तर आधी आमची मोटार वर काढावी लागते आणि काम झालं की परत सोडावी लागते. पोरगा आणि कारागीर पाइप जोडतात तोवर मी ढिगाभोवती चक्कर मारतो. उन्हात काही चमकलं की वाकायचं, मालकाला विचारायचं. मालक म्हणतो, "न्या, ट्रॉलीभर न्या. तेवढाच आमचा ढीग हटंल."

ढीग बघून विहिरीची कुंडली मांडता येते. वर काळी माती, मग मुरूम. त्याखाली जो ठिसूळ, भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक लागतो त्याला म्हणायचं मांजऱ्या. त्याच्या खाली काळा पाषाण. त्यावर पहार आपटली की आवाजावरूनच खोदणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण आता सुरुंगाशिवाय गत नाही. मधे कुठं तरी लाल मातीचा पट्टा. मांजऱ्या लागला की मालकाला पाण्याची आस लागते, कारण झिजलेल्या भोकाळ खडकात पाणी मुरतं. अखंड पाषाणात चिरा असल्या तरच. मलाही मांजऱ्याचीच आस. काचा, म्हणजे दगडातले चमकणारे स्फटिक, असतात त्या त्याच्याच पोकळ्यांत. विहिरीच्या काठावर आम्ही दोघंही बकेटीकडं डोळे लावून बसलेलो असतो. पाणाड्याही कधी कधी असतो. तळहातावर नारळ उभा करून त्यानं जागा दाखवलेली असते, आणि बकेट कोरडी यायला लागली की त्याला दुसरीकडं काम निघतं.

'काचा' हा खोदणाऱ्यांचा शब्द. माझी आजी त्यांना गारा म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. रस्त्याच्या कडेला बायांची रांग, डोक्यावर पदर, हातात लोखंडी हातोडी. खायला मिलोची भाकरी आणि लेकरांना सुकडी. मोजायला मुकादम यायचा, आणि भोकाळ दगडाची खडी असली की ढीग बाजूला काढायला लावायचा, कारण ती रस्त्यात टिकत नाही. आजीच्या हातोडीखाली एक दिवस असाच मुकादमाच्या नावडीचा दगड फुटला आणि आत मुठीएवढी पोकळी निघाली, सगळीकडून पांढऱ्या टोकदार गारांनी भरलेली. तिनं तो अर्धा दगड पदरात बांधून घरी आणला आणि देवळीत दिव्याच्या मागं ठेवला. मी शाळेत जायला लागलो तोवर त्याच्यावर काजळीची आणि तेलाची पुटं बसली होती. मी विचारायचो, गार वितळत कशी नाही? ती म्हणायची, "ही जुनी गार हाय. लई जुनी झाली की नाही वितळत."

फार पुढं कळलं की जुन्या ग्रीकांनाही असंच वाटायचं. 'क्रिस्टल' ज्या ग्रीक शब्दावरून आलाय तो बर्फाचाच. बिल्लोर, म्हणजे काचेसारखी आरपार दिसणारी गार, हा इतका घट्ट गोठलेला बर्फ की त्याचं परत पाणी होत नाही, अशी त्यांची समजूत. आपल्या भाषेत तर आभाळातून पडते ती गार, जमिनीतून निघते तीही गार आणि हाताला लागते तीही गार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा दुकानाचा पत्रा वाजायचा थांबल्यावर मी बाहेरून लिंबाएवढी एक गार उचलली आणि हॅक्सॉनं आडवी कापली. आत कांद्यासारखे थर. एक पांढरा, एक काचेसारखा, परत पांढरा. अकीक कापल्यावर दिसतात तसेच. तेवढ्यात शेजारचे अण्णा धावत आले आणि म्हणाले की हरभरा गेला, गहू झोपला, मोसंबीला पान राहिलं नाही. माझ्या हातात हॅक्सॉ होता. ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

आमच्या पायाखाली खोलवर सगळा लाव्हाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो वर आला, पसरला, थिजला, त्यावर परत पसरला. आज उरलाय तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल बोअर घेतलं. त्यात ३३८ मीटरपर्यंत हा थिजलेला लाव्हा, म्हणजे बेसॉल्ट, निघाला, आणि त्याच्या खाली कितीतरी जुना खडक. देगलूर-बिलोलीकडं हा जुना खडक उघड्यावरच आहे. तिकडच्या मेव्हण्याला मी 'काचा मिळाल्या तर पाठव' म्हणून सांगितलं होतं. तो बिचारा दर दिवाळीला गुलाबी ग्रॅनाइटचा एक तुकडा घेऊन येतो आणि मी दर दिवाळीला 'वा' म्हणतो.

लाव्हाच्या थराला वरच्या बाजूनं भोकं का पडतात, हे घरात कोणालाही कळतं. धिरडं टाकलं की जाळी पडते, तसंच. आतला वायू वर यायला निघतो आणि थर थिजला की बुडबुडे जागच्या जागी राहतात. पुढं या खडकातून गरम पाणी झिरपत राहतं, खडकातली सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेतं आणि त्या भोकांत, पोकळ्यांत हळूहळू सोडतं. हे काम लाव्हा थंड झाल्यावर लाखो, कधी कोट्यवधी वर्षांनीही चालू असतं. पोकळीच्या भिंतीला बहुतेकदा हिरवट मातकट साय, त्यावर कॅल्सेडनी (अकीक त्याचाच असतो) किंवा गारेचा थर, त्यावर बाकीचे. कोण आधी आला आणि कोण नंतर, ते कोण कोणाच्या खांद्यावर बसलंय त्यावरून कळतं.

नावं मला एका गिऱ्हाइकानं शिकवली. संभाजीनगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे सर होते, गावाकडच्या शेतातली मोटार घेऊन आले होते. वायंडिंग होईपर्यंत तीन तास बसावं लागलं आणि त्यांनी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर मला सगळं लिहून दिलं. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट, अपोफिलाइट, ओकेनाइट. ती पानं अजून आहेत. पण तोंडात नावं बसेनात, म्हणून मी आपली नावं ठेवली. स्टिलबाइट म्हणजे पेंढी, कारण त्याचा स्फटिक मधोमध आवळलेल्या आणि दोन्हीकडं फुललेल्या कडब्याच्या पेंढीसारखाच असतो. स्कोलेसाइट म्हणजे कुसळ. ओकेनाइट म्हणजे बोंड, आणि हे नाव ऐकून सरही हसले होते. पांढरे, मऊ केसांचे गोळे. उमललेलं कापसाचं बोंडच कोणीतरी दगडाच्या पोकळीत ठेवलंय असं वाटतं. बोंडाला मात्र कधी बोट लावायचं नाही. एकदा केस दबले की दबले. माझ्याकडच्या बोंडावर एका आमदाराच्या कार्यकर्त्याचा अंगठा कायमचा उमटलाय.

सगळ्यात देखणा अपोफिलाइट. माझ्याकडं एक आहे, सुपारीएवढा, फिकट हिरवा, पेंढ्यांच्या गादीवर बसलेला. त्याला चार उभ्या भिंती आणि वर सपाट छप्पर. भिंतींवर उभ्या बारीक रेघा आहेत, नख फिरवलं तर जाणवतात. छप्पर मात्र गुळगुळीत, आणि त्याची चमक वेगळी, मोत्यासारखी. भिंतीतून बघितलं तर काच, छपरावरून बघितलं तर मासा. जुने लोक याला मत्स्यनेत्री दगडच म्हणायचे. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन शटरखालून आत येतं आणि पाचेक मिनिटं या छपरावर पडतं. त्या पाच मिनिटांत आलेल्या गिऱ्हाइकाकडं माझं लक्ष नसतं, असं पोराचं म्हणणं आहे.

यातल्या बहुतेकांचं घराणं झिओलाइट. अपोफिलाइट त्या घराण्यातला नाही, पण त्याच पोकळ्यांत राहतो आणि त्यांच्यासारखाच पाणी बाळगून असतो. झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं दिलं. त्यानं दगड तापवला, तर दगडाला उकळी फुटली. ग्रीकमध्ये उकळणारा दगड, म्हणून झिओलाइट. वाचल्यावर मला राहवेना. पेंढीचा एक फुटका तुकडा चिमट्यात धरला आणि ब्लो लॅम्पच्या जाळावर नेला. आधी काही नाही. मग तो आतून पांढरा झाला, त्याला भेगा पडल्या आणि कढईत टाकलेल्या कुरडईसारखा फुगून वाकडातिकडा झाला. कारागीर म्हणाला, "शेठ, दगड तळायलेत का आता?"

फुगला तो आतल्या पाण्यामुळं. स्टिलबाइटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १८ ग्रॅम पाणी असतं, हिरव्या अपोफिलाइटमध्ये १६. ओल नव्हे, स्फटिकाच्या घडणीतच अणूंच्या जाळीत बसलेलं पाणी. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तो २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा. आमच्या गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा. दुकानात काम नव्हतं, मोटारी जळायला विहिरीत पाणी तर पाहिजे. बसल्या बसल्या कपाटातल्या पेंढ्या तराजूत घातल्या, अकरा किलो भरल्या. म्हणजे दोन लिटरला थोडं कमी पाणी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं होतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग काढा की, भांडी घासायचीत."

पाणी बाळगणाऱ्यांतला एक जण मात्र आमच्याकडं टिकला नाही. मुंबईच्या एका मित्रानं मला कांदिवलीच्या जुन्या खदानीतला लॉमोंटाइट पाठवला होता. पांढरे, लांबट, टोकाला तिरपे कापल्यासारखे स्फटिक, प्रेहनाइट या हिरवट खनिजाच्या पाठीवर. जानेवारीत आला, कापसात गुंडाळलेला. मी तो कपाटात वरच्या खणात ठेवला. होळीनंतर बघितलं तर स्फटिक दुधाळ झाले होते. एप्रिलमध्ये त्यांच्यावर उभ्या चिरा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी दगड उचलला आणि खणात पांढऱ्या भुकटीची रांगोळी राहिली. खालचं हिरवं प्रेहनाइट तेवढं हातात आलं. मला वाटलं मित्रानं चिकटवलेला माल पाठवला. फोनवर दोन शब्द जास्तच बोललो. नंतर कळलं, लॉमोंटाइटचा स्वभावच तो. १७८५ साली ज्या फ्रेंच माणसानं तो खाणीतून गोळा केला, त्याच्या नावावरून त्याला लॉमोंटाइट म्हणतात, आणि कोरड्या हवेत आतलं पाणी सुटून भुगा होणं हे त्याचं जगभर ठाऊक असलेलं वैगुण्य आहे. मुंबईच्या दमट हवेत तो सुखानं राहिला असता. आमचा मे त्याला सोसला नाही. मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "आमच्याकडची माणसंही तुमच्या मेमध्ये अशीच होतात."

दुसरी चूक सरळ माझी. एका अपोफिलाइटवर गंजाचे पिवळे डाग होते, ते जावेत म्हणून मी त्याला संडास धुवायच्या ॲसिडमध्ये रात्रभर ठेवलं. त्याच्यावर मधाच्या रंगाचा कॅल्साइटचा एक खडा होता, तो पहिल्या दहा मिनिटांत फसफसून नाहीसा झाला. सकाळी अपोफिलाइटची काच जाऊन चुना लावल्यासारखी भिंत झाली होती. डाग मात्र गेले. आता मी जुना टूथब्रश, साबण आणि पाणी याच्यापुढं जात नाही. हल्ली व्हिडिओ बघून ॲसिडची बाटली आणणारी पोरं भेटतात, त्यांना तो पांढरा दगड हातात देतो.

अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकानं हे दगड बघितलेत. फर्दापूरच्या तिठ्यापासून विक्रेते मागं लागतात, हातात अर्धा फोडलेला, आतून चमचमणारा गोळा. त्यांच्यावर माझा राग नाही, चांगला मालही त्यांच्याकडं मिळतो. पण जांभळा, गुलाबी, मोरपंखी असा भडक रंग दिसला की मी खिशातून कापसाचा बोळा काढतो. दुकानातलंच थिनर लावलेला. बोळा हळूच फिरवला की रंग बोळ्यावर येतो. पांढऱ्या बोंडाला गुलाबी रंगात बुडवून विकणं तर मला पापच वाटतं. त्याचा सगळा दिमाख पांढरेपणात, आणि एकदा रंग पिला की तो धुताही येत नाही. लेण्यांतून मात्र कोणी काही उचलू नये. वेरूळ-अजिंठ्याच्या भिंती याच खडकात कोरलेल्या आहेत, आणि तिथली ठिपक्याएवढी पेंढीही तिथंच राहिली पाहिजे. लोणारच्या सरोवराचंही तेच. दगडांनी घरात ऊर्जा येते का, वास्तूला चालतात का, हे विचारणाऱ्यांना मी सांगतो की ऊर्जेसाठी थ्री फेज लागतो.

मी विक्रेत्याला रंगाच्या आधी दुसरंच विचारतो. "कुठला आहे?" "जळगावचा," तो सांगतो. दहा पावलांवर दुसरा तसलाच दगड नाशिकचा असतो. खोटं बोलायचं म्हणून नाही, पण ठिकाण सांगितलं तर उद्या दुसरा तिथं पोचेल, ही भीती. आणि खरं म्हणजे त्यालाही ठाऊक नसतं. खोदणाऱ्याकडून गाडीवाल्यानं घेतलेलं, गाडीवाल्याकडून गोदामवाल्यानं. या प्रवासात दगडाचं गाव पहिल्याच वळणावर गळून पडतं.

ही खोड जुनी आहे. बोरघाटातून रेल्वे नेताना, १८६३ ला ती पूर्ण झाली त्याच्या आधीच्या वर्षांत, कातळ फोडताना अशा सुंदर पोकळ्या निघाल्या की त्यातले दगड विलायतेच्या संग्रहालयांत गेले. दख्खनच्या कुठल्याही कोपऱ्यातला दगड असो, जुन्या चिठ्ठीवर एकच नाव, 'पूना'. एका कुसळासारख्या खनिजाला तर तिकडं पूनालाइट असं नावच पडलं होतं. पुढं ते मेसोलाइट निघालं आणि पुण्याचं नाव कटलं. त्याच्याही आधीचं सांगायचं तर आमच्या पैठणचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पोथीत लिहिलंय की पैठणहून गाड्या भरून गोमेदासारखे पट्ट्यांचे दगड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात येतात, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून साधं कापड. तो माल जहाजात चढून पश्चिमेला गेला. तिथल्या कुठल्या तरी अंगठीत, कुठल्या तरी मुद्रेत गोदाकाठचा दगड आज असेलही; पण तो दाखवून हा पैठणचा, असं कोण म्हणणार?

तेरला मी मुद्दाम गेलो होतो. तिथलं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसानं जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे. शेतात, पांढरीत सापडलेले मणी, मातीच्या मूर्ती. मी बराच वेळ मण्यांच्या पेटीसमोर उभा होतो. हे गावातलं, गावातच राहिलेलं. परत आल्यावर मी माझं कपाट उघडलं आणि माझीच लाज वाटली, कारण त्या वेळी माझ्या कपाटातल्या निम्म्या दगडांना गाव नव्हतं.

झालं होतं असं. सुरुवातीच्या वर्षांत मी कागदाची चिठ्ठी लिहायचो आणि कणकेच्या खळीनं दगडाच्या पाठीला चिकटवायचो. गाव, मालक, किती परसावर, तारीख. एका पावसाळ्यात झुरळांनी खळ खाल्ली. खळीबरोबर कागद, कागदाबरोबर शाई. दसऱ्याला कपाट झाडायला काढलं तर चिठ्ठ्यांचे जाळीदार तुकडे खाली पडलेले. 'जाफ्रा' एवढंच उरलेलं, 'सहा प' एवढंच उरलेलं, तारखेतला नुसता ९८. दगड ओळखीचे, पण कोणता कुणाचा ते सांगता येईना. मी चार रविवार आठवत बसलो. काही विहिरींवर दगड घेऊन परत गेलो, ढिगातल्या दगडाशी रंग जुळवून पाहिला. एक मालक म्हणाले, "असंल माझाच, लिहून टाका." तसं कसं लिहायचं? त्यांतले ४१ दगड मी वेगळे काढले. ते खालच्या खणात आहेत, सुंदर आहेत, कोणी मागितला तर देऊन टाकतो. कागद दाबायला, कुंडीत ठेवायला, शाळेच्या प्रदर्शनाला. वरच्या खणातला कोणी मागितला तर मात्र जीभ अडखळते.

आता पद्धत बदललीय. बायकोचं पांढरं नेलपॉलिश घ्यायचं, दगडाच्या मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर काळ्या शाईनं नंबर आणि वरून बिनरंगाचं नेलपॉलिश. नेलपॉलिश झुरळं खात नाहीत. नंबर दोन वह्यांत, एक दुकानात, एक घरी. डबीत छोटी चिठ्ठीही असते. वहीत मी गाव, शिवार, गट नंबर, मालक, खोली परसांत, खडक कोणता, सोबत काय निघालं हे लिहितो, आणि एक रकाना असतो पाण्याचा. लागलं, पाझर, कोरडी. विहीर बांधून झाल्यावर, कधी वर्षानं, मी तो रकाना भरतो. परदेशी संग्राहक माझी वही बघतील तर हा रकाना कशाला म्हणतील. माझ्या गिऱ्हाइकांचं पहिलं बोट त्याच रकान्यावर जातं.

दगडाला भाव असतो हे आता सगळ्यांना कळलंय. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला २००१ साली विहीर खोदताना हिरव्या अपोफिलाइटचे गोळेच्या गोळे निघाले, परदेशी शौकिनांनी त्यांना 'डिस्को बॉल' म्हणून डोक्यावर घेतलं. अमेरिकेत टूसॉन गावी दर हिवाळ्यात दगडांचा मोठा बाजार भरतो, तिथल्या टेबलांवर आपल्याकडच्या पेंढ्या मांडलेल्या असतात. आमच्याकडंही काही मालक आता ढिगावर ताडपत्री टाकतात आणि मोबाइलवर फोटो पाठवतात. पाठवावेत. दुष्काळी गावात विहिरीचा अर्धा खर्च काचांतून निघत असेल तर त्यात वाईट काय? समृद्धी महामार्गाला आमच्या जिल्ह्यात डोंगर फोडले तेव्हा किती पोकळ्या खडीत दळल्या गेल्या असतील, त्यापेक्षा हे बरं. फक्त विकताना गावाचं नाव पाठीवर लिहून द्या, एवढंच मी सांगतो. लिहीत कोणी नाही.

गेल्या वैशाखात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शेतात नवी विहीर चालू होती. पाच परसावर मांजऱ्या लागला आणि बकेटीत पपईएवढा एक गोळा आला. मी फोडू दिला नाही. कडेनं छिन्नी लावून सावकाश उघडला. आत पेंढ्या, गुलाबीसर, दोन-दोन बोटं लांब, आणि मधोमध एकच हिरवा अपोफिलाइट. मी गाडीत वहीत नोंद केली, नंबर १४३ टाकला, डबी काढून ठेवली. मालक म्हणाले, "तुमचाच आहे, फक्त पाणी लागू द्या, मग न्या. पाण्याआधी विहिरीतलं काही बाहेर दिऊ नाही म्हणते आई." आईंचं बरोबर होतं. थांबलो.

आषाढात फोन आला. आठ परसावर लाल पट्ट्याखालून पाणी लागलंय, मोटार सोडायला या. गेलो. पाच एचपीची बसवली, स्टार्टर जोडला, पाइपातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. आईंनी हळद-कुंकू वाहिलं. चहा झाल्यावर मी गोळ्याचं विचारलं. मालक घरात गेले, आतून बोलण्याचा आवाज आला आणि मागोमाग त्यांची नात बाहेर आली. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, बुटाचं खोकं छातीशी धरलेलं. खोक्यात जुन्या साडीच्या चिंधीवर तो गोळा ठेवलेला. बाजूला एक कागद, वहीतून फाडलेला, त्यावर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत तिचं नाव, गावाचं नाव, आणि खाली 'आमची विहीर'.

"काका, ह्याला हात लावायचा असंल तर धुवून लावा," ती म्हणाली.

मी हात धुऊन आलो, बघितला आणि परत दिला. तिच्याकडून पेन्सिल मागून कागदावर 'पाच परस' एवढं लिहिलं. घरी येऊन वहीतला पाण्याचा रकाना भरला. लागलं, आठ परस. १४३ नंबरची डबी कपाटात वरच्या खणात आहे. आत चिठ्ठी आहे.